जुईच्या एका मैत्रिणीसाठी चौतीस ताटं

माझ्या मुलीला एक मैत्रीण मिळावी म्हणून मी चौतीस मुलं जेवायला बोलावली.

जुई नऊ वर्षांची. तिला ऑटिझम आहे. वर्गातलं कुणी तिला वाढदिवसाला बोलावत नाही. एक दिवस तिनंच विचारलं, "पप्पा, मैत्रीण कुठे मिळते?" तडक तिच्या बाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, "एकच मुलगी घरी बोलवा. तासभर. जुईला आधी सांगून ठेवा, आणि दोघींना मिळून करता येईल असं काहीतरी काम द्या."

"एकच?" घरी येऊन मी बायकोला म्हणालो. "आपल्या अमळनेरात एका माणसासाठी कुणी भरीत करतं का?"

"अहो, पण बाईंनी सांगितलंय ना..."

"बाई पुण्याच्या आहेत!" (विषय संपला.)

रविवारी आमच्या मळ्यात सगळा वर्ग हजर! कपाशीच्या काड्यांवर हिरवी वांगी भाजायला टाकली, पुऱ्या तळायला घेतल्या, आणि गाण्यांसाठी मोठा स्पीकर लावला. मी खुर्चीवर चढून माइक घेतला. "मुलांनो, ही आपली जुई! सगळ्यांनी तिच्याशी मैत्री करायची! चला, हात मिळवा!"

पोरं आज्ञाधारक. चौतीसच्या चौतीस एकदम धावली. जुईनं कान दाबले आणि किंचाळली. तिला धीर द्यावा म्हणून मी ओरडलो, "घाबरू नको बेटा!" (तेही माइकवर!)

खुर्चीवरून उतरून बघतो तर जुई नाही.

आणि मळ्यात विहीर आहे, हे मला तेव्हा आठवलं.

माइक फेकून मी विहिरीकडे पळालो. घसा फोडून हाका मारत होतो. बायको अनवाणी धावत होती, मला एक शब्द बोलली नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. विहिरीत वाकून पाहिलं, पाणी स्थिर होतं.

तेवढ्यात शेडमागून भरीत करणाऱ्या नानांचा आवाज आला. "भाऊ, बोंबलू नको. पोर आठे शे!"

शेडमागे वांगी ठेचायची लाकडी बडगी होती, होडीसारखी लांबट उखळी. एक मुसळी जुईच्या हातात, दुसरी तिच्याच वर्गातल्या साक्षीच्या. धप, जुई. धप, साक्षी. बोलत नव्हत्या, एकमेकींकडे बघतही नव्हत्या. साक्षी मला म्हणाली, "काका, तुमच्या माइकनं माझं पण डोकं दुखलं." भरिताची केव्हाच चटणी झाली होती, पण नाना त्यांना थांबवत नव्हते.

आता शहाण्या माणसानं मुकाट्यानं उभं राहावं की नाही? पण मला उमाळाच आवरेना. बाजूची तिसरी मुसळी उचलली आणि घातली मध्येच. धप!

दोघी थांबल्या.

"पप्पा," जुई म्हणाली, "तुमचा नंबर नाही."

साक्षी फिसकन हसली. मग जुईही. माझे डोळे भरून आले. धूर गेला म्हणून सांगितलं. (चूल पार तिकडे, आंब्याखाली होती.)

आता साक्षी दर रविवारी चार वाजता येते. एकटी. दोघी खलबत्त्यात शेंगदाणे कुटतात. कुटाचे पाच डबे भरलेत, आणि आमच्या घरात भेंडीपासून दोडक्यापर्यंत सगळ्यात कूट असतो! भिंतीवर जुईनं कागद चिकटवलाय: आधी साक्षी, मग जुई, मग साक्षी.

"आणि मी गं?" मी विचारलं.

"पप्पा बाहेर ओट्यावर."

अख्ख्या अमळनेरशी गप्पा मारणारा मी रविवारी चार ते पाच ओट्यावर तोंड मिटून बसतो. नंबर अजून लागलेला नाही.