विशाखाचं कोरं रक्त

फोन आला तेव्हा मी नातीपासून लपून संत्रा बर्फी खात होते. साखर वाढल्यापासून घरात माझ्यावर पहारा आहे, आणि पहारा चुकवण्यात माझा हात कुणी धरणार नाही. त्यामुळे तोंडात घास असतानाच फोन उचलला आणि नुसतं "हं" म्हणाले. पलीकडून अमोल म्हणाला, "मावशी, आत्या गेली." मला तो घास गिळताही येईना आणि थुंकताही येईना. त्याला वाटलं मी ऐकलंच नाही, म्हणून बिचाऱ्यानं पुन्हा सांगितलं... सकाळी चहाला उठली नाही, हाक मारायला गेलो तर अंग गार होतं. विशाखा, माझी तरुणपणापासूनची मैत्रीण, अशी कुणाला न सांगता निघून गेली. न सांगण्याची तिची सवय तशी जुनीच.

विशाखानं लग्न केलं नाही. भाऊ-भावजय लवकर गेले, त्यांच्या मागे राहिलेला हा अमोल तिनंच वाढवला. आता तो शहराबाहेर वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात कामाला आहे, दोन मुलांचा बाप आहे, पण आत्याच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपल्यानंतर माझ्या घरी आला तेव्हा शाळेतून मार खाऊन आल्यासारखा खुर्चीच्या टोकावर बसला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग खिशातून गोळ्यांची एक अर्धवट संपलेली पट्टी काढून त्यानं माझ्यासमोर ठेवली.

"मावशी, ही गोळी खरी आहे का, तेवढं पाहून द्या."

विशाखा हृदयाचे ठोके ताब्यात ठेवायला मेटोप्रोलॉल घ्यायची. औषधं नेहमी घराजवळच्या दुकानातून यायची. मागच्या महिन्यात तिथे ती मिळाली नाही, म्हणून अमोलनं गोदामाजवळच्या दुकानातून दुसऱ्या कंपनीची आणली. "तिनं गोळी कधी चुकवली नाही," तो म्हणाला. "मग झालं काहून? ह्याच्यात औषधच नसन तर? मीच तिले खडू चारला असन तर, मावशी?" त्याची बायको त्याला समजावून थकली होती. तो रात्रीचा झोपत नाही असं तिनं मला दारात हळूच सांगितलं.

मला विचारण्याचं कारण असं, की आम्हा दोघींचं आयुष्य याच कामात गेलं. गोळीवर लिहिलंय तेवढं औषध तिच्यात खरंच आहे का, आणि पोटात गेल्यावर त्यातलं रक्तात किती पोचतं, हे मोजायचं. पट्टी मी ठेवून घेतली. "पाहते," म्हणाले. आणि तो गेल्यावर पट्टी हातात घेऊन बसले, तर मन चाळीस वर्षं मागे, आमच्या कॉलेजच्या औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेत जाऊन पोचलं.

त्या काळातली मी तुम्हाला दाखवायला हवी होती. कांजी केलेला पांढरा एप्रन, खिशाला दोन पेनं, त्यातलं एक बंद पडलेलं. तो एप्रन घालून मी मुद्दाम सीताबर्डीच्या बाजारात भाजी घ्यायला जायची, लोकांनी डॉक्टरीण म्हणावं म्हणून. एकदा एका बाईनं खरंच मला पोराचा घसा दाखवला, आणि मी गंभीर चेहऱ्यानं पाहिलाही. विशाखा शेजारी उभी राहून वांगी निवडत होती. तिचा एप्रन प्रयोगशाळेतल्या खिळ्यावर. बाई गेल्यावर म्हणाली, "कुंदे, फी घेतली असती तर वांगे फुकट पडले असते न वं." आम्ही दोघी एकाच पदावर, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना, दोघीही तात्पुरत्या. फरक एवढाच की मी बोलायची आणि ती काम करायची.

तेव्हा आमच्याकडे एक काम आलं होतं. ठोके बिघडलेल्या रुग्णांना त्या काळी क्विनिडीन देत. ते थोडं कमी पडलं तर उपयोग नाही, थोडं जास्त झालं तर जिवावर बेतायचं, म्हणून रुग्णांच्या रक्तातलं प्रमाण आम्ही मोजून द्यायचं. रक्त यंत्रात गरगर फिरवून वरचं पिवळसर पाणी वेगळं काढायचं, त्यातलं औषध बेंझीनमध्ये ओढायचं, तिथून पातळ आम्लात आणायचं आणि अंधाऱ्या खोलीत यूव्ही दिव्याखाली धरायचं. औषध असेल तर नळी निळी उजळते. फार सुंदर निळा असतो तो... मग किती उजळली हे यंत्र सांगायचं. पण रुग्णांच्या नळ्यांसोबत एक नळी अशी लागते जिच्यात औषध अजिबात नाही. निरोगी माणसाच्या रक्ताची, ब्लँक. आम्ही तिला कोरी म्हणायचो. कोरी नळी काळोखात काळीच राहायला हवी, तरच बाकीच्यांवर विश्वास ठेवता येतो. हे कोरं रक्त नेहमी विशाखाचं असायचं, कारण सुई पाहिली की माझे डोळे फिरायचे. दुसऱ्यांच्या रक्तावर मी तासभर व्याख्यान देऊ शकत होते, स्वतःचा थेंब मात्र कधी दिला नव्हता.

एके दिवशी कोरी नळी उजळली. मंद, पण निळी.

मी लगेच तपासाची सूत्रं हाती घेतली. काचेची भांडी नीट धुतली गेली नाहीत असा निकाल दिला, सगळी पुन्हा धुतली. बेंझीन बदललं, आम्ल नवीन केलं. कापसावर संशय घेतला, नळाच्या पाण्यावर घेतला, शेवटी भिंतीच्या नव्या रंगावर घेतला. दोन दिवस मी त्या खोलीत फिरत होते आणि विशाखा माझ्याबरोबर मुकाट्यानं भांडी धूत होती. तिच्या रक्तावर संशय घ्यावा हे माझ्या डोक्यात आलंच नाही. शेवटी तिलाच माझी दया आली असावी. "कुंदे, मले मलेरिया झाला होता," ती म्हणाली. "क्विनाइन घेतली होती. सांगाचं राहून गेलं."

क्विनाइन आणि क्विनिडीन ही जुळी भावंडं. त्या दिव्याखाली दोघांचा उजेड सारखाच, ओळखू येत नाही. मलेरिया तेव्हा घरोघरी होताच. मी एवढी हुशार, की उलट तिलाच क्विनाइनवर धडा दिला. तिनं तो ऐकूनही घेतला.

पुढच्या खेपेलाही कोरी नळी निळी आली. त्या अंधाऱ्या खोलीत आम्ही दोघीच होतो. निळा उजेड तिच्या हनुवटीवर पडला होता.

"तुझा मलेरिया लई टिकला वं," मी म्हणाले.

नळी खाली ठेवून तिनं सांगितलं. लहानपणी सांधे धरून ताप आला होता, त्यात हृदयाची झडप आकसली. आता ठोके मधेच पळतात, मधेच अडखळतात. डॉक्टरांनी क्विनिडीन सुरू केली. घरी आईला अर्धंच ठाऊक. आमच्या दोघींच्या कायम होण्याचं चाललं होतं, त्याआधी वैद्यकीय तपासणी होती, आणि रक्त द्यायला नाही म्हटलं तर विभागप्रमुख सर कारण विचारतील ही तिला भीती. म्हणून रक्त द्यायच्या आदल्या दिवशी ती गोळीच घेत नव्हती. वाटलं, रक्तातून उतरून जाईल.

"उतरली नाही न," मी म्हणाले. "दिसून राहिलं समोर. मरतं का?" मी एवढी चिडले होते की नंतर काय काय बोलले आठवत नाही. ती शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "पूर्ण डिपार्टमेंटमध्ये निरोगी म्हणून माह्यंच रक्त चालते कुंदे. तेवढं एक ठिकाण होतं..."

मी बाही वर केली आणि सुई तिच्या हातात दिली. शूरपणे भिंतीकडे पाहिलं, आणि पुढचं मला आठवतं ते थेट जमिनीवरून दिसलेलं छत. विशाखा माझ्या तोंडावर पाणी मारत हसत होती. हसता हसता रडत होती. माझी नळी काळीकुट्ट निघाली. तेव्हापासून प्रयोगशाळेचं कोरं रक्त माझं झालं, आणि सरांना आम्ही सांगितलं की कुंदाची भीती मोडायची ठरवलीय. वैद्यकीय तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं. "जिने चढता का?" त्यांनी विचारलं. "रोज चढते, आमच्याकडे लिफ्ट नाही," ही म्हणाली. त्यांनी सही केली. ती दोघं काय समजली ते त्यांनाच माहीत.

पुढे तिच्या झडपेचं ऑपरेशन झालं, ते मात्र तिनं सगळ्यांना सांगून केलं. क्विनिडीन गेली, दुसऱ्या गोळ्या आल्या. आमच्या टेबलावरचे दिवे आणि नळ्या जाऊन त्यांच्या जागी एचपीएलसी नावाचं यंत्र आलं, जे स्वतःच औषध वेगळं करते आणि पडद्यावर डोंगर काढून दाखवते. मी आजी झाले, ती आत्याची आत्याच राहिली. निळ्या नळीच्या त्या दिवसानंतर तिनं एक गोळीही चुकवली नाही. आणि मलेरियाची ती गोष्ट मात्र तिनं अमोलला, त्याच्या बायकोला, त्याच्या पोरांनाही सांगितली होती. माझी फजिती म्हणून. दरवेळी मी जमिनीवर थोडी जास्त जोरात पडायची.

अमोलनं दिलेली पट्टी घेऊन मी हिंगण्याच्या बाजूला माझ्या एका विद्यार्थिनीकडे गेले. मृणाल तिचं नाव. तिची स्वतःची तपासणीची प्रयोगशाळा आहे. रिक्षात बसल्या बसल्याच मी ठरवून टाकलं होतं, की गोळी खोटी निघाली तरी अमोलला खरी निघाली असंच सांगायचं. दुकानाची तक्रार मी परस्पर करीन, वाट्टेल ते करीन, पण त्या पोराला ते ओझं उचलू देणार नाही. आणि खरं सांगू का... आतून मला गोळी खोटीच निघायला हवी होती. मग मला रागवायला कुणीतरी मिळालं असतं.

गोळी खरी निघाली. लिहिलं होतं तेवढं औषध तिच्यात होतं. कोमट पाण्यात फिरवून पाहिलं, तर वेळेत सुटतही होतं.

मी अमोलला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, तुम्ही खरं सांगून राहिल्या न?"

"म्हणजे काय?"

"तुम्ही दोघी एकमेकींसाठी किती खोटं बोलता ते मले माहीत आहे. आत्यानंच तर सांगितलं, मलेरियाचं. माह्यासाठी पण बोलान तुम्ही."

रिक्षात ठरवलेलं त्यानं मला तोंडावर सांगितलं होतं. मी म्हणाले, "उद्या सुट्टी टाक. मी काहीच करणार नाही, सगळं तूच करशील."

आणि त्यानंच केलं. मृणालनं दाखवलं तसं, उरलेल्या गोळ्या पट्टीतून स्वतः काढल्या, वजन केलं, खलात घोटल्या. ट्रकवर पोती मोजून चढवणारा माणूस, पण ती पूड काट्यावर ठेवताना श्वास रोखून उभा राहिला. ती विरघळवली, गाळली, यंत्रात दिली. आधी शुद्ध औषधाचा डोंगर पडद्यावर आला. मग आम्ही त्याच्या आत्याच्या गोळीची वाट पाहत बसलो. रेघ सपाट चालली होती, सपाट, सपाट... आणि बरोबर त्याच जागी उठू लागली. वर गेली, वळली, खाली आली. मृणालनं एकावर एक ठेवून दाखवलं, तर दोन्ही डोंगर एकच दिसत होते.

"म्हणजे मी नाही," अमोल म्हणाला.

"तू नाही."

"मग काहून गेली ती?"

"झडप लहानपणीच गेली होती गा, बाबू. डॉक्टरांनी तिला तिशीही दिली नव्हती. म्हातारी होऊन गेली ती. तुझी पोरं पाहून गेली."

तो पडद्याकडे पाहत राहिला. मग टेबलावर डोकं टेकून रडला. आत्या गेल्यापासून अडलेलं सगळं रडला. मृणाल कागद आणायचं निमित्त करून बाहेर गेली. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसले. मला वाटलं होतं मीही रडेन, पण माझं रडू अजून आलं नव्हतं.

थोड्या वेळानं तो उठला, तोंड पुसलं. त्यानं वापरलेली काचेची भांडी सिंकजवळ पडली होती. मी म्हणाले, राहू दे, इथे माणूस आहे धुवायला. तर म्हणाला, "खराब मीच केले न," आणि बीकर उचलला. आणि मग मी पाहत राहिले. त्यानं नळाखाली बीकर भरून ओतला नाही. तळाला थोडंसं पाणी घेतलं, मनगटानं गोल फिरवून कडेपर्यंत चढवलं, ओतलं. पुन्हा थोडंसं. पुन्हा गोल. एकाच वेळी भरपूर पाण्यानं धुण्यापेक्षा थोड्याथोड्यानं पुन्हा पुन्हा धुतलेली काच जास्त स्वच्छ होते, हे आम्ही पोरांना वर्षभर शिकवायचो, तरी निम्म्यांच्या हातात बसायचं नाही.

"हे कुणी शिकवलं गा तुले?"

"भांडे धुणं काय शिकवाचं, मावशी." त्यानं मान वर केली नाही. "घरी चहाचा कप पण आत्या असाच धुवाले लावे. नाही धुतला तर पुन्हा."

त्यानं बीकर खिडकीकडे धरला आणि किंचित तिरका केला. पाणी काचेवरून अखंड उतरलं, कुठेही अडकलं नाही. तेवढं पाहून त्यानं तो जाळीवर पालथा घातला आणि दुसरा उचलला. मला तेव्हा डोळ्यांना पदर लावावा लागला.