कमरेइतका हौदा

ढगांनी आभाळ पार खाली दाबलं होतं, पण थेंब पडत नव्हता. चामराजपेटेतल्या तालमीत नागनाथ वस्ताद उघड्या अंगानं कुस्तीच्या हौद्याची तांबडी माती फावड्यानं उलटीपालटी करत होता. ताक, तेल, हळद मुरलेली ती माती आज दमट हवेनं चिकट झाली होती, पाय सोडेना.

पलीकडे शफीग ढेकळं फोडत होता. मालदीवमधल्या चिमुकल्या बेटावरचा हा व्यायामशिक्षक कोर्ससाठी बेंगळुरात आलेला. कामापुरती हिंदी सिनेमातनं शिकलेली. त्याच्या बेटावर पोरांना खेळायला जागा नाही, म्हणून गावकरी समुद्रातला पोवळ्याचा खडक फोडून, भर घालून मैदान करायला निघालेले. लाटा अडवणारा तो खडक फुटला की लाट थेट घरात. कुस्तीला खोलीएवढी जागा पुरते हे त्यानं ऐकलं, आणि तो नागनाथचा पत्ता विचारत आला.

नागनाथची छाती फुगली. आज्याच्या वेळची तालीम, पण आता गल्लीतली पोरं मशीनवाल्या जिमला जायची. आणि इथं समुद्रापलीकडनं माणूस विद्या मागायला आलेला! पहिल्याच दिवशी त्यानं बजावलं, "कमरेइतकं खोल खणायचं. त्याहून कमी तो हौदा नव्हे, मांजराची बसायची जागा. माती नसली तर वाळू चालेल, पण तेल मनसोक्त ओत."

"पण वस्ताद–"

"तालमीत पण-बिण नाही. मार बैठका!"

तालमीतली उरलीसुरली पोरं खिदळली. शफीगनं मांड्या थरथरेस्तोवर बैठका मारल्या. वस्तादाला उलट बोलायचं नाही, ही तालमीची रीत त्यानं गाठीला बांधली.

आज माती भुसभुशीत करता करता नागनाथनं सहज विचारलं, "तुमच्याकडं पाण्याचं कसं रे? नळ?"

"नळ कुठला! शाळेपाशी विहीर आहे. तेवढीच गोड्या पाण्याची. काठीला डबा बांधून पाणी काढतो."

"काठीनं? मग खोल तरी किती?"

शफीगनं हात कमरेला लावला. "एवढी. त्याखाली खारं. गोडं पाणी वर सायीगत तरंगतं."

नागनाथचं फावडं मातीतच राहिलं.

"आणि हौदा कुठं खणणार?"

"विहिरीजवळच. सावली तिथंच आहे. काल फोन केला, आज पहाटेपासून लागले असतील."

"किती खोल सांगितलंस?"

शफीगनं पायाशी पडलेलं ढेकूळ फोडलं. "तुम्ही सांगितलं तेवढं."

"अरे गाढवा, मग त्याच दिवशी बोलायचं नाही का?"

"बोलत होतो, वस्ताद."

नागनाथनं घामावरच शर्ट चढवला आणि शफीगला ओढतच बाहेर काढलं. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये पवनकुमार नुकती उदबत्ती लावत होता. "काय वस्ताद अण्णा, सकाळी सकाळी परदेश? तिकडं कुणी वहिनी ठेवलीय का?"

"दात नंतर काढ. लाइन लाव."

"सरी, सरी, लावतो. स्वल्प थांबा."

लाइन लागायची, खरखरायची, तुटायची. अखेर बेटावरच्या एकुलत्या एका फोनवर कुणीतरी आलं. शफीग आपल्या भाषेत घाईनं बोलू लागला, आणि बोलता बोलता त्याचा आवाज बसत गेला. नागनाथ नुसता त्याचं तोंड बघत होता.

"खणून झालंय," शफीग रिसीव्हरवर हात ठेवून म्हणाला. "तळाला पाणी लागलं. पोरं नाचतायत."

"तेल?"

"ओतलं. घराघरातनं खोबरेल आणलं. वस्तादांचा हुकूम म्हणून कुणी हात आखडला नाही."

"उपसा म्हणावं! तेलकट वाळू लांब नेऊन टाका, कोरडी वाळू भरा. आणि विहिरीचं पाणी चाखून सांगा, आत्ताच!"

पलीकडे कुणीतरी धावलं. 

"गोड आहे म्हणतात," शफीग म्हणाला. "अजून तरी."

आणि लाइन तुटली. पुन्हा लागेना.

परतताना शफीगनं हळूच विचारलं, "तेल तिथवर जाईल का, वस्ताद?"

संध्याकाळी ओतलेलं तेल सकाळी हौद्यात दिसत नाही, हे नागनाथ पोरवयापासून बघत आला होता. कुठं जातं, हे कधी विचारलं नव्हतं.

"संध्याकाळी परत फोन लावू," एवढंच तो म्हणाला.

घराच्या दारात त्याची बायको कस्तुराबाई कमरेवर हात देऊन उभी होती. "कुठं फिरताय हो? नळाला पाणी येऊन गेलं असतं! धार करंगळीएवढी आहे, मागं रांग लागलीय."

नागनाथनं घागर उचलली, नळाखाली धरली आणि भरेपर्यंत वाकून उभा राहिला.