मौनी काकांची साक्ष

आमच्या चर्चमधल्या मौनी काकांइतका कमी बोलणारा माणूस मी सोलापुरात दुसरा पाहिला नाही. पंच कमिटीचे ते सगळ्यांत जुने सभासद. प्रार्थनेला उभे राहिले की डोळे मिटून, ओठ घट्ट आवळून कितीतरी वेळ तसेच. शेवटी एकच शब्द, ‘आमेन’. बायका म्हणायच्या, “काय बाई ध्यान लागतं त्यांचं!” आणि मीही भाबडेपणानं मान डोलवायचे.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात ते मुकादम होते. यंत्रमागांच्या खडखडाटात तिथं कोण कुणाशी बोलणार? त्यामुळे त्यांचं मौन कुणाला खटकलं नाही. व्यसनाच्या बाबतीत मात्र फार कडक. प्रभुभोजनाच्या रविवारी, भाकर आणि प्याला वाटण्याआधी, कुणाच्या तोंडाला वास येतो का यावर त्यांची नजर असे. स्वतः त्याच्या जरा आधी ‘हात धुऊन येतो’ म्हणून बाहेर जात. त्यांच्यावर शंका? छे!

माझा दादा, शमुवेल, त्यांच्याच कारखान्यात मागावर होता. एका रविवारी तो चर्चच्या भिंतीआड मावा थुंकताना सापडला. सुपारी, तंबाखू नि चुना घोटून केलेला हा मावा आमच्याकडे टपरीटपरीवर पुडीत मिळतो. कमिटीनं ठरवलं, शमुवेलला प्रभुभोजनापासून दूर ठेवायचं आणि मौनी काकांनी ते भर उपासनेत जाहीर करायचं. आईच्या घशाखाली घास उतरेना.

काका उभे राहिले. नेहमीसारखे गप्प. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला, तोंडातलं सगळं त्यात थुंकलं आणि म्हणाले, “शमूला भाइर काडायचं तर आदी मला काडा. तुमी ज्येला माजं ध्यान म्हनता, त्यो मावा हाय. येशूफुडं गाल झाकून लई वर्सं उबा ऱ्हायलो. आता न्हाय व्हत.”

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. पाळकसाहेबांचा चेहरा उतरला. काकू तेवढ्या शांत. नंतर मला म्हणाल्या, “मला ठावं नव्हतं व्हय? उशीचे अभ्रे कोन धुतंय?”

काकांची कमिटी गेली आणि प्रभुभोजन दोघांचंही बंद झालं. काका दादाशेजारी शेवटच्या बाकावर बसू लागले. दोघांनी मावा सोडायचं ठरवलं, पण सोडणं म्हणजे काय चेष्टा होती? हात कापायचे, डोकं ठणकायचं, काकूंवर उगाच खेकसायचे. कारखाना सुटला की दोघं रिकाम्या चर्चपुढं सायकली लावायचे, आत बडीशेप चघळत बसायचे आणि काका मोठ्यानं प्रार्थना करायचे. “एकदा मागून भागत न्हाय रं शमू,” ते म्हणत, “रोज सकाळी नव्यानं मागाय लागतंय.” इतकं बोलणारे काका आम्हाला नवेच होते. खरं सांगते, मला ते तेव्हाच आवडायला लागले.

आणि मग त्यांचं तोंडच मिटत चाललं. आधी भाकरीचा घास जाईना, मग चमचा जाईना. गालातला चट्टा कॅन्सरचा निघाला. माणूस सुधारल्यावर ही शिक्षा? मी देवाशी कडाकडा भांडले. काका हातानंच मला गप्प करायचे.

शेवटी पाळकसाहेब घरी आले. द्राक्षरसात भिजवलेला भाकरीचा कण काकूंनी त्यांच्या ओठांआड सारला. कबुलीच्या त्या रविवारनंतरचं त्यांचं हे पहिलं प्रभुभोजन, आणि शेवटचंही. गिळताना डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण त्यांनी तो कण गिळलाच. आठवडाभरात ते गेले.

दफनाआधी चर्चमध्ये साक्ष द्यायला दादा उभा राहिला. काकांनी आपल्याला कसं सोडवलं, हे त्याला सांगायचं होतं. पण मान खाली, ओठ घट्ट आवळलेले, शब्द फुटेना. लोक चुळबुळायला लागले. देवा, यानं पुन्हा सुरू केलं की काय?

पुढच्या बाकावरून काकूंनी हाक दिली, “तोंड उगड, शमू. त्येंच्यावानी थांबू नगंस.”

दादानं तोंड उघडलं. आत काही नव्हतं. इतका वेळ दाबून धरलेला हुंदका तेवढा बाहेर आला.