कपाटात कोंडलेला कॉम्प्युटर

गेल्या मंगळवारी दुपारी लातुरात कांबळे मॅडमच्या घरी सलग दुसऱ्या दिवशी जावं लागलं... आणि खरं सांगते, मी जरा चिडूनच गेले होते.

मॅडम बायोलॉजीच्या रिटायर्ड शिक्षिका. मेडिकलच्या नीट परीक्षेच्या मुलांसाठी क्लासवाले त्यांच्याकडून सराव पेपर काढून घेतात. त्यांचा डेस्कटॉप तापून दर अर्ध्या तासाला बंद पडायचा, म्हणून सोमवारी मी तो माझ्या रिपेअरिंगच्या दुकानात आणून उघडला. पंख्यातली धूळ काढली, प्रोसेसर गार ठेवणारी वाळलेली पेस्ट बदलली, दोन तास चालवून पाहिला... एकदम ठणठणीत. मग घरी नेऊन टेबलावर जोडून दिला.

तरी सकाळी फोन. "रिझवाना, परत बंद पडला गं. संध्याकाळी पेपर द्यायचाय, अन् निम्मे प्रश्न उडाले."

जाऊन बघते तर टेबलावर नुसता मॉनिटर. सीपीयू शेजारच्या लोखंडी कपाटात, वायरी फटीतून बाहेर काढलेल्या. दार उघडलं तर भट्टीसारखी झळ अंगावर आली.

"मॅडम, असा कोंडला तर तापणारच ना! पंखा तीच गरम हवा फिरवून राहिला. कपाटात कशाला ठेवलाय?"

त्यांनी कपाटाच्या दारावर हात टेकला. मग हळूच म्हणाल्या, "त्र्याण्णवच्या भूकंपात आमच्या घराचं माळवद, ते मातीचं छत, खाली आलं, तेव्हा ढिगाऱ्यातून हे कपाट निघालं. आतल्या साड्यांची घडीसुद्धा मोडली नव्हती... धाकटी बहीण गेली. कपाटापासून चार हातांवर झोपली होती. तेव्हापासून जपायचं ते सगळं मी यातच ठेवते."

भूकंप झाला तेव्हा मी जन्मलेही नव्हते...

मी विचारलं, "मॅडम, जपायचं काय आहे? तुमचे पेपरच ना?" पर्समधून कोरा पेनड्राइव्ह काढला, सगळ्या फाइली त्यावर उतरवल्या, त्यांच्या हातात दिला. "हा ठेवा कपाटात. कॉम्प्युटरचा डबा बाहेर राहू द्या."

त्यांनी तो रुमालात गुंडाळून लॉकरमध्ये ठेवला, किल्ली फिरवली. मग दोघींनी मिळून सीपीयू खिडकीजवळच्या स्टुलावर ठेवला, मागे वीतभर जागा सोडून.

संध्याकाळी मेसेज आला... पेपर वेळेत गेला, कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही.

इतकी वर्षं कुणाकडे गेले की मी आधी स्क्रूड्रायव्हर काढायचे. आता आधी बसते, विचारते.

मॅडम, चिडून बोलले त्याबद्दल माफ करा... आणि मला सांगितलंत, त्याबद्दल शुक्रिया.