विजेचा खांबही डोलला

टक, टक, टक. आम्ही कविता म्हणायचो तेव्हा गुरुजी टेबलावर पट्टीने ताल धरायचे आणि अख्खा वर्ग डोलायचा. मित्रांनो, सत्तरी उलटली तरी माझं ते डोलणं गेलं नाही. आज त्यानं घात केला.

नात मैदानावर धावायला जाते, म्हणून मीही जातो. तिथले सर पोरांचं धावणं मोबाईलमध्ये टिपतात आणि ॲप त्यातले दोष सांगतं. आज स्टँड मोडला, म्हणून सरांनी मोबाईल माझ्या हाती दिला. नातीची मैत्रीण सोनल धावली. तिच्या पावलांचा ताल इतका सुरेख, की मी मनातल्या मनात शाळेतली कविता म्हणू लागलो.

ॲपनं निकाल दिला, कंबर डोलते.

"रविवारच्या निवडीले तुले नाही नेत, पोरी. आधी तोल सुधार," सर म्हणाले.

"काहून सर? मी तं सरळच धावली!" तिचे डोळे भरले.

नातीच्या मोबाईलवर आलेला तो व्हिडिओ मी घरी पाहिला. सोनलच्या मागचा विजेचा खांबही डोलत होता. म्हणजे डोलत होतो मी!

दुपारपासून सरांचा नंबर काढतो आणि फोन खाली ठेवतो. सांगा, या वयात 'चूक माझी' म्हणायला सुरुवात कशी करावी?

हे लिहून राहिलो, तोच बेल वाजली. दारात सोनल.

"आजोबा, उद्या पुन्हा माझा व्हिडिओ काढून द्या न. पोट्टे मोबाईल लय हलवतात. मले तुमच्याच हाताचा भरवसा हाय."