कावीळ म्हणे!

मला कावीळ कधीच झाली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण इकडे हिंदी मुलखात, रांझीतल्या आमच्या फॅक्टरी-क्वार्टरच्या ओळीत अजूनही अशा बायका आहेत, ज्यांना मला पाहिलं की उसाचा रस आठवतो. मला कॅन्सर झाला होता. छातीचा, डावीकडे. नागपूरला डॉक्टरांनी ती बाजू कापून काढली आणि मग केमो दिली. कावीळ ही माझ्या सासूबाईंची कल्पना.

"लोकांना काय सांगायचं?" हा आमच्या घरातला पहिला प्रश्न होता. मी जगेन का, हा त्याच्यानंतरचा. नवरा फॅक्टरीत कामाला, एरवी आवाज मोठा, पण त्या दिवशी मान खाली घालून बसला. सासूबाई म्हणाल्या, "कावीळ सांगू. कावीळ कोणालाही होते. ते दुसरं नाव या घरात घ्यायचं नाही." झालं, ठरलं! जिचं शरीर, तिला कोणी विचारलंसुद्धा नाही.

बरं, खोटं बोललं की ते निभवावं लागतं. शेजारच्या दीदी रोज रसाचा ग्लास घेऊन हजर. केमोनं माझ्या तोंडात फोड आलेले, पाण्याचा घोट उतरेना, आणि या समोर उभ्या, "पी लो भाभी, पीलिया में अमृत है." केस गेले तेव्हा सासूबाईंनी माझ्या डोक्याला स्कार्फ गुंडाळला आणि लोकांना सांगितलं, औषध गरम पडलं. कहर म्हणजे तो पीलिया झाडणारा, मंत्रानं कावीळ उतरवणारा! त्याचा पत्ताही दीदींनीच आणला. नाही म्हटलं तर संशय येईल, म्हणून सासूबाई मला तिथं घेऊन गेल्या. त्यानं माझे हात चुन्याच्या पाण्यात धुवायला लावले. पाणी पिवळं झालं. "निकल गया," म्हणाला. काय निकल गया रे भाऊ? जे निघायचं ते नागपूरलाच निघालं होतं! सासूबाईंनी मात्र भक्तिभावानं हात जोडले. मला ते भांडं त्याच्या डोक्यावर उपडं करावंसं वाटलं. अंगात ताकद नव्हती म्हणून तो वाचला.

घरी कोणी आलं की मला मागच्या खोलीत पाठवायचे. पडून राहा, म्हणायचे. पडलं की डोळ्यांपुढे तो ऑपरेशनचा दिवा यायचा, स्पिरिटचा वास यायचा, हातपाय गार पडायचे. एकदा नणंदेच्या सासरचे लोक आले. बाहेर चहा-चिवडा चालू होता आणि सासूबाई सांगून राहिल्या होत्या, "कावीळ उतरली, आता अशक्तपणा तेवढा आहे." मी आत दात-ओठ खात ऐकत होते. खोलीचं मागचं दार उघडं होतं. चपला घातल्या आणि निघाले. रागानं भरभर चालत होते, आणि कधी पळायला लागले ते माझं मलाच कळलं नाही. फॅक्टरीच्या गेटपाशी दम संपला. नाल्यावरच्या पुलियावर बसून ओकले. नरड्यात जाळ पेटला होता. पण त्या सगळ्या वेळात तो दिवा एकदाही डोळ्यांपुढे आला नव्हता.

नागपूरच्या डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, "खुशाल पळा, हळूहळू वाढवा." मग काय! रांझीच्या बाजारातून कापडी बूट आणले आणि रोज पहाटे धावायला लागले. सुरुवातीला ब्लाउजमध्ये जुन्या साडीचा बोळा कोंबून धावायचे. तो सरकत सरकत गळ्यापाशी यायचा. एक दिवस सरळ काढून नालीत फेकला. दुधवाले भैया पाहून राहिले होते. म्हटलं, पाहा.

कविता तिथंच सुरू झाल्या. शाळा सुटल्यापासून मी कधी दोन ओळी लिहिल्या नव्हत्या. पण धावताना श्वासाच्या मापाचे शब्द यायला लागले, तेही घरात बोलतो त्याच मराठीत. परत आले की ओट्याशी उभी राहून मोबाइलमध्ये लिहायचे.

काहून लपवता मले?
मी काय चोरी केली?
दुखणं माझं, दार तुमचं,
कडी मी काढून आली.

नवऱ्याला वाचून दाखवली. तो म्हणाला, "चांगली आहे. कोणाला दाखवू नको." त्या दिवशी त्याचा डबा मी भरला नाही.

संक्रांतीनंतर सासूबाईंनी घरी हळदीकुंकू ठेवलं. सून ठणठणीत आहे, हे सगळ्यांना दिसावं म्हणून. मी साडी नेसून बायकांना हळदीकुंकू लावत होते, तिळगूळ आणि वाण देत होते. मग समोरच्या क्वार्टरमधल्या काकूंनी उलट मला लावायला करंडा हातात घेतला. कुंकू लावलं आणि हळदीवरून बोट मागे घेतलं. "तुला हळद नको गं बाई, काविळीतून उठलीस." सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यातच कोणीतरी ओरडलं, "चलो, आता नाव घ्या! उखाणा झाल्याशिवाय सोडणार नाही."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, घेते ना नाव.

"पहाटे उठून धावते मी फॅक्टरीच्या रस्त्यानं,
कावीळ-बिवीळ काही नव्हती, छाती कापली डॉक्टरनं.
वर्षभर आमच्या घरात कोणी घेतलं नाही नाव,
कॅन्सर म्हणतात त्याला, ऐकू दे सारा गाव!"

काकूंचा हात करंड्यावर तसाच राहिला. दीदींना मराठी अर्धीच कळते, पण 'कॅन्सर' कळलं. त्या रडायलाच लागल्या, "मुझे तो बताती, भाभी!" बाकीच्या वाण उचलून पटापट उठल्या. सासूबाई खुर्चीत पांढऱ्याफटक.

दिवेलागणीला मी भांडी घासत होते. सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. आता तोंडाचा पट्टा सुरू होणार म्हणून मीही कंबर कसली. पण आवाज अगदी बारीक आला. "तुझी ती... गाठ. हाताला कशी लागत होती?"

मी वळले. त्यांचा हात पदराखाली होता.

"कधीपासून आहे, आई?"

"दिवाळीच्या आधीपासून."

"आणि काहून नाही सांगितलं?"

"काय सांगणार होती? या घरात नाव घ्यायचं नाही, असं मीच म्हटलं होतं ना."

दया यायला हवी होती, पण मला संतापच आला. माझं सगळं डोळ्यांनी पाहूनसुद्धा ही बाई इतके महिने गप्प बसली! मी ओरडले, घासलेलं पातेलं आपटलं, आणि मग तिथंच ओल्या हातांनी त्यांना धरून रडले. नवरा दारात येऊन उभा होता. त्याला म्हटलं, उद्या सुट्टी टाक.

सकाळी दवाखान्यातल्या खिडकीपुढे ही रांग. आमची पाळी आली तेव्हा आतल्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "क्या तकलीफ है?" सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. नवरा पुढे सरकून म्हणाला, "वो, थोड़ी कमज़ोरी..." मी त्याचा दंड धरून त्याला मागे ओढलं, आणि स्वतः तोंड उघडलं नाही.

सासूबाईंनी पदर सारखा केला, खिडकीच्या गजाला धरलं आणि म्हणाल्या, "छाती में गाठ है. मुझे."

मागचे लोक माना उंचावून पाहायला लागले. त्या वळून त्यांना म्हणाल्या, "क्या देख रहे हो?"