नारळ उतरेपर्यंत

आमच्या कापसाच्या जिनिंगमध्ये दसऱ्याला मशीनची पूजा होते आणि पूजेसाठी मशीनची जाळी काढतात. जाळी म्हणजे फिरत्या पट्ट्यावरचं लोखंडी झाकण. ते काढायचं, पट्टा आणि चाक पुसून हळदकुंकू लावायचं, झेंडू आणि जम्मीची, म्हणजे शमीची, पानं वाहायची. मग ज्या लोखंडी पट्टीवर जाळी बसते, तिलाच लाल कापडातला नारळ देवी म्हणून बांधायचा. इथवर माझी तक्रार नाही. पोटाला देणाऱ्याला हळदकुंकू लावलंच पाहिजे. पण रीत अशी, की हंगामातल्या पहिल्या कापूसगाठींची लारी गेटाबाहेर पडल्याशिवाय नारळ सोडायचा नाही. नारळ आहे तोवर जाळी बसत नाही. म्हणजे जैनथकडून कापसाच्या गाड्या येऊन रांग लावतात, मशीन धडधडत असते आणि जाळी आपली भिंतीला टेकून उभी असते.

माझी जागा त्या पट्ट्याशेजारी. तोंडाला फडकं बांधून मशीनला कापूस घालायचा, सांडलेला वाकून गोळा करायचा. वाकलं की पट्ट्याचा वारा कानाला लागे. माझा थोरला भाऊ तिथंच फिटर होता, जाळी काढणारा आणि बसवणाराही तोच. मागच्या वर्षी मी घरी त्याच्यामागे भुणभुण लावली. "दादा, नारळ दुसरीकडं बांधा ना. जाळी बसवून टाक."

"सेठले म्हणून पाह्यतो," तो म्हणाला.

सेठ वाईट माणूस नाही. कामावरच्या बायकांच्या घरी लग्न असलं की आहेर घेऊन येतो, जमिनीवर बसून जेवतो. पण नारळ त्याच्या बापाच्या वेळेपासून तिथंच. "दो-चार दिन की बात है," म्हणाला. मग दादा म्हणाला, निदान मशीन थोडा वेळ बंद करा. नारळाला धक्का न लावता जाळी वरून तारेनं अडकवतो. बाहेर गाड्यांची रांग रस्त्याला लागली होती. "चलते में होता है तो कर ले," एवढंच उत्तर आलं.

चालत्या मशीनवरच तो जाळी अडकवायला गेला. मी तिथंच होते. पट्ट्यानं तार ओढली आणि तारेबरोबर हातही. मग मशीन बंद झाली. जी घटकाभर बंद करता येत नव्हती, ती संध्याकाळपर्यंत बंद राहिली.

उजव्या हाताचा अंगठा तेवढा वाचला. दवाखाना सेठनंच केला, त्यात कसर ठेवली नाही. नंतर दादाला गेटवर चौकीदार म्हणून बसवलं. पण जिनिंगमधल्या लोकांच्या जिभेला कुठं हाड आहे? "नारळाले हात लावाले गेला, देवी कोपनच ना," असं रोज माझ्या शेजारी बसून जेवणारी एक जण म्हणाली. मी भाकरी तशीच टाकून उठले. दादानं नारळाला बोटही लावलं नव्हतं, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. जाळी बसव म्हटलं याचा मला पस्तावा नाही. मशीन बंद केली नाही याचा राग आहे, आणि तो जाता जात नाही.

यंदा दसऱ्याला सेठनं मान म्हणून नारळ दादाच्या हाती दिला. त्याला गाठ मारता येत नाही, म्हणून मी शेजारी उभी राहिले. दादा पट्ट्याकडे गेलाच नाही. शेडच्या खांबापाशी थांबला.

"सेठ, यंदा देवीले इथं बसवू. तिथं जाळी लागू द्या."

मला वाटलं, आता तरी ऐकेल. सेठनं नारळ अलगद त्याच्या हातातून काढून घेतला आणि स्वतःच त्या पट्टीला बांधला. "फिर से अपशगुन मत करो," तेही अगदी मायेनं म्हणाला. नवा फिटर खाली मान घालून उभा होता.

"मंग मी तिथं काम करत नाय," मी म्हटलं. आवाज चढलाच.

मी पदर खोचून भांडायला उभी, पण सेठ भांडलाच नाही. दुसऱ्या दिवशी मला सरकीच्या ढिगाकडे झाडायला लावलं आणि माझ्या जागी बाजारहत्नूरकडून नवीन आलेली एक बाई दिली. इतकं सोपं होतं ते. पट्टा उघडाच राहिला, शेजारची बाई तेवढी बदलली. मी तिला जाऊन सांगितलं, पदर कमरेला घट्ट बांध, वाकताना पट्ट्याकडे तोल जाऊ देऊ नको. ती हसली. "तुमी काऊन एवढ्या भेऊन राह्यल्या, ताई?" भिंतीला टेकलेल्या जाळीला तिनं आपली डब्याची पिशवी अडकवली होती.

सुटी झाली की चौकीदारानं बायकांच्या पिशव्या पाहायच्या, कुणी कापूस तर नेत नाही ना म्हणून. त्या संध्याकाळी मी पुढे होते. दादानं मला तसंच जाऊ दिलं. मागून येणाऱ्या त्या नव्या बाईला मात्र थांबवलं. पहिल्याच दिवशी चोर ठरवतात की काय, म्हणून तिचं तोंड उतरलं. तिनं पिशवीचं तोंड उघडून पुढे धरलं.

"पिशवी नाय," दादा म्हणाला. "दोन्ही हात दाखव."

तिनं दाखवले. त्यानं ते दोन्ही बाजूंनी पाहून घेतले.

"लारी जाईस्तोवर रोज दाखवत जाय, बाई."